छप्पर सरकारने दिले, घर कुणी दिले?

आमच्या तुळजापूर तालुक्यात देवालाही दोन घरे आहेत. नळदुर्ग आणि अणदूर ही शेजारची गावे. दोन्हीकडे खंडोबाचे मंदिर, मूर्ती मात्र एकच. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला असतो, पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्कामाला येतो. देवाचे घर बदलते, पण देव बेघर होत नाही. कारण त्याच्याबरोबर मानकरी येतात, वाघ्या-मुरळी येतात, भक्तांचा सगळा गोतावळा चालत येतो. भिंती मागे राहिल्या तरी चालते, माणसे बरोबर हवीत. पण ज्यांच्या भिंती आणि माणसे एकाच पहाटे गेली, त्यांचे काय झाले? आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे क्षणांत ढिगारा झाली. सरकारी नोंदीनुसार सुमारे ८ हजार माणसे गेली. भूकंप तसा अतिप्रचंड नव्हता. माणसे मारली ती घरांनी. आपल्याकडची जुनी घरे म्हणजे चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले.

पुढचा इतिहास अनेकांना ठाऊक आहे. जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फुटांचे. घरे तयार होईपर्यंत लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे-पावसाळे काढले. ज्या गावांत घरांना तडे गेले होते, तिथे दुरुस्तीसाठी घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसे देण्यात आले.

हे काम लहान नव्हते, त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण इतिहास शिकवताना मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. या सगळ्या हिशेबाचे माप चौरस फूट होते. घर कुणाला किती, हे सातबारा पाहून ठरत होते. पण ज्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे आई-बाप ढिगाऱ्याखाली गेले, त्याला २५० चौरस फूट देऊन काय होणार? त्याला सकाळी उठवणारे, जेवू घालणारे, शाळेत धाडणारे कुणीतरी हवे होते. एकट्या राहिलेल्या बाईला हप्त्याचा कागद समजावून देणारे माणूस हवे होते. घराची चावी हातात आली म्हणजे बेघरपण संपले, असे होत नाही.

ही उणीव ज्यांनी ओळखली, त्यांतले एक नाव नळदुर्गशी कायमचे जोडले गेले आहे. बार्शीचे पन्नालाल सुराणा, समाजवादी कार्यकर्ते आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे एकेकाळचे संपादक. भूकंपात आई-वडील गमावलेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या वतीने नळदुर्ग येथे निवासी प्रकल्प उभा राहिला, त्यामागे सुराणांचा पुढाकार होता. सेवा दलाची जडणघडण १९४१ पासून एस. एम. जोशी आणि साने गुरुजी यांच्या संस्कारांत झालेली. त्या परंपरेला साजेसेच नाव या प्रकल्पाला मिळाले, ‘आपलं घर’. त्या नावात ‘अनाथ’ हा शब्द नाही आणि ‘आश्रम’ही नाही. आपण कुणाच्या तरी दयेवर राहतो, असे मुलाला ते नाव वाचून वाटत नाही.

त्याच वेळी दुसरा प्रयत्न पुण्यात झाला. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्या कामाचे मोल मोठेच आहे. पण नळदुर्गच्या प्रयोगाचे वेगळेपण मला महत्त्वाचे वाटते. मुले आपल्याच मुलखात राहिली. तीच बोली, तीच ज्वारीची भाकरी, आणि एखादा मामा किंवा चुलता एसटीने येऊन भेटून जाईल एवढेच अंतर. ज्याचे सर्वस्व गेले त्याच्याकडून निदान मुलूख तरी काढून घेऊ नये.

मोठ्यांच्या बाबतीत हेच काम बायकांनी केले. १९९४ पासून दुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या. हप्ता कधी मिळणार, भिंतीत कोणता दगड कुठे घालायचा, इंजिनिअरला काय विचारायचे, हे त्या घरोघर सांगत. छपरासोबत आधार लागतो, हे इथे बायकांनी कामातून दाखवून दिले.

जगात या विचाराला पुढे मोठी मान्यता मिळाली. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक प्रयोग सुरू केला. रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना कोणतीही अट न घालता आधी घर द्यायचे आणि मग डॉक्टर, समाजसेवक यांनी त्यांच्या घरी जाऊन साथ द्यायची. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले आणि तिथली बेघरांची संख्या पुढे बरीच घटली. दोन्ही ठिकाणी मर्म एकच: घर द्या आणि मग पाठ फिरवू नका.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले. शहरी बेघरांसाठी निवारे बांधण्याची योजना २०१३ पासून आली. निवाऱ्यात रात्र निघते, हे खरेच. पण सकाळी बाहेर पडणाऱ्या माणसाचा दिवस कोण सांभाळणार?

संस्थेत वाढलेल्या मुलांसाठी तर ही सकाळ अठराव्या वाढदिवसाला उजाडते. कायद्याने ते मूल त्या दिवशी सज्ञान होते आणि सामान्यतः संस्था सोडावी लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षणाची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण व नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिले. ही पावले चांगलीच आहेत. पण आपल्या घरातला मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून आपण त्याची वळकटी दाराबाहेर ठेवतो का? दिवाळीला तो कुठे येतो? लग्न ठरवताना वडीलधारे म्हणून कोण बसते? मुलीचे पहिले बाळंतपण कुठे होते? ज्या संस्थेला या प्रश्नांचे उत्तर देता येते, तिला घर म्हणावे.

किल्लारीचा भूकंप आता पाठ्यपुस्तकातला धडा झाला आहे. त्या धड्यात मृतांचा आकडा असतो, रिश्टर मापन असते, नव्या गावांची संख्या असते. माझी शिक्षकमित्रांना एवढीच विनंती आहे, की मुलांना नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहाल दाखवायला आणाल, तेव्हा ‘आपलं घर’ची ही गोष्टही सांगा. किल्ला कुणी बांधला हे मुले पाठ करतातच. उघड्यावर पडलेल्यांना घरात कुणी घेतले, हेही त्यांना माहीत असू द्या.