निप्पॉन डेन्रो : भद्रावतीत वीज आलीच नाही, जमीन मात्र गेली

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत ‘निप्पॉनची जागा’ म्हटलं की कुणीही पत्ता सांगेल. नाव जपानी वाटतं, पण कंपनी भारतीय. इस्पात समूहाची निप्पॉन डेन्रो इस्पात. हजार मेगावॅटहून मोठं औष्णिक वीज केंद्र जिथं उभं राहणार होतं, तिथं पुढची जवळपास तीन दशकं रानच होतं.

१९९१ मध्ये केंद्र सरकारने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. पुढे आठ प्रकल्प ‘फास्ट ट्रॅक’वर घेतले. त्यातले दोन महाराष्ट्रातले : एन्रॉनचं दाभोळ आणि हे भद्रावती. दाभोळ सगळ्यांना आठवतं, भद्रावती फारसं कुणाला नाही.

जागा निवडण्याचं कारण साधं होतं. वाशीम-अकोल्याकडे जमिनीखाली काळा बसाल्ट. कोळसा आहे तो वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी-चंद्रपूर पट्ट्यात. कोळसा लांब न्यायचा तर वाहतूक महाग पडते, त्यामुळे खाणीजवळच केंद्र उभारणं परवडतं.

एवढा पैसा एकट्याने कोण घालणार? म्हणून इस्पातसोबत फ्रान्सची सरकारी वीज कंपनी ईडीएफ आणि यंत्रं बनवणारी जीईसी अल्स्थॉम आली. अशा कन्सोर्शियममध्ये भागीदार एक स्वतंत्र कंपनी काढतात आणि कर्ज तिच्या नावावर घेतात. इथं ती होती सेंट्रल इंडिया पॉवर कंपनी. प्रकल्प बुडाला तर भागीदारांचं नुकसान बहुतांशी त्यांनी घातलेल्या भांडवलापुरतंच राहतं. शेतकऱ्याला अशी सोय नसते.

मग अडलं कुठे?

पैशाच्या हमीवर. ग्राहक एकच, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ, आणि त्याची आर्थिक स्थिती नाजूक. मंडळाने बिल थकवलं तर राज्य भरेल, राज्याने हात वर केले तर केंद्र. याला प्रतिहमी म्हणतात. शिवाय एस्क्रो हवा होता, म्हणजे मंडळाची वसुली एका वेगळ्या खात्यात जमा होणार आणि थकबाकी झाली तर त्यातून वीज कंपनीला आधी पैसे मिळणार. पण मंडळाचं उत्पन्न एकच. त्यावर पहिला हक्क किती जणांना देणार?

त्यातच १९९९ मध्ये दाभोळची महाग वीज सुरू झाली. अशा करारात वीज घ्या किंवा नका घेऊ, स्थिर आकार द्यावाच लागतो. २००१ मध्ये मंडळाने दाभोळची वीज घेणंच थांबवलं. आणखी एका मोठ्या खासगी करारासाठी मग वाव उरला नाही. भद्रावती कागदावरच राहिलं.

जमिनीचं काय झालं?

एमआयडीसीमार्फत आजूबाजूच्या गावांतली ११०० हेक्टरहून अधिक जमीन संपादित झाली होती. मोबदला नव्वदच्या दशकातल्या भावाने. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा राज्याच्या लँड बँकेकडे देण्याची तरतूद आहे. कोणाला, ते सरकार ठरवतं. पण हा कायदा लागू झाला १ जानेवारी २०१४ ला. त्याच्या वीसेक वर्षं आधीच्या संपादनाला ती तरतूद सहजासहजी लागू होत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये दावोसला भद्रावतीसाठी कोळशापासून वायू बनवण्याच्या २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा करार झाला आणि ‘निप्पॉनची जागा’ पुन्हा चर्चेत आली. प्रकल्पग्रस्तांच्या मागण्या जुन्याच आहेत : आजच्या दराने मोबदला आणि घरटी नोकरी, नाहीतर जमीन परत.