प्रसूतीनंतरचे नैराश्य : कारण देहात की घरात?

बाळंतिणीच्या मनावर मळभ आले की त्याचे मूळ तिच्या देहात, मुख्यतः संप्रेरकांत, शोधण्याची रीत वैद्यकात दीर्घकाळ होती. घरातील ताण ही मोजण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार पुढे रुजला. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास 1978 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मोठा आघात झाल्यावर ज्या स्त्रीला मन मोकळे करण्यास जिवलग माणूस नसतो, तिला नैराश्याचा धोका अधिक, असे त्यांना आढळले.

भारतीय घराचे असे मोजमाप गोव्यात झाले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातील 270 गर्भवतींची नोंद घेतली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रसूतीनंतर 6 ते 8 आठवड्यांनी 59 माता, म्हणजे सुमारे 23 टक्के, नैराश्यग्रस्त होत्या. त्यांपैकी 78 टक्के गरोदरपणातच मानसिकदृष्ट्या त्रस्त होत्या. निम्म्याहून अधिक 6 महिन्यांनंतरही सावरल्या नव्हत्या. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे दिसली. त्यात बाळाच्या लिंगाचाही वाटा होता. पतीची मारहाण आणि उपासमार यांचा आईच्या मनावरील परिणामही त्यानुसार बदलत होता. मुलगा की मुलगी, यावर आईचे स्वास्थ्य अवलंबून असेल, तर केवळ देहात शोधून कारण हाती लागणार नाही.

2006 मध्ये गोव्यातीलच 2,494 स्त्रियांच्या पाहणीतही पतीकडून होणारा लैंगिक अत्याचार, निर्णयस्वातंत्र्याचा अभाव आणि घरच्यांचा अपुरा आधार यांचा मानसिक विकारांशी संबंध आढळला. एकाच वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. म्हणूनच गरोदरपणापासून मातांचा मागोवा घेणाऱ्या आधीच्या अभ्यासाचे मोल मोठे.

उपचारांची दिशाही यानंतर बदलली. ‘संगत’ या गोव्यातील संस्थेने सामान्य स्त्री-पुरुषांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. पुढे मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांनाही ते मिळाले. सीहोर असो वा जबलपूर, आशाताईंना घराचा उंबरठा ओलांडता येतो. मात्र समुपदेशन होते ते स्त्रीचे. तिच्यावर हात उगारणारा पती आणि मुलगी झाली म्हणून अबोला धरणारे घर बहुधा त्याबाहेरच राहते.