ओळखीची चाल

नवें गाणें प्रथमच कानीं पडावें आणि ही चाल पूर्वीं कोठें तरी ऐकली आहे असें वाटावें, हा अनुभव कोणास नाहीं? मग चोरीचा आरोप ठेवण्यास आपण विलंब लावीत नाहीं. परंतु श्रोतेहो, निवाडा देण्यापूर्वीं आकुर्डीपर्यंत जाऊन येऊं या.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधून दर आषाढीस तुकोबांची पालखी जाते. देहूहून निघाल्यावर आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरांत तिचा मुक्काम असतो. तेथें उभें राहून ऐकावें. मोठ्या अभंगाच्या चौकांत सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण येतात. माप एकच असल्यामुळें एका अभंगाची चाल शेंकडों अभंगांस बसते. शिवाय टाळकऱ्यास पहिल्याच ओळीला साथ करावयाची असते. तेव्हां चाल त्याच्या ओठीं आधींच असलेली बरी. अगदीं नवी चाल तेथें गैरसोयीचीच! साकी आणि दिंडी (वारींतली नव्हे, वृत्तांतली) यांचेंही तसेंच. वृत्ताचें नांव घेतलें कीं चाल पाठोपाठ येते.

हा ठेवा अण्णासाहेब किर्लोस्करांनीं रंगभूमीवर आणला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत त्यांचें 'शाकुंतल' झालें. १८८२ मध्यें 'सौभद्र' आलें. कीर्तनांतल्या, लावणीच्या वळणाच्या, कानडी मुलखांतल्या चाली त्यांनीं मोकळ्या मनानें घेतल्या, आणि त्या लपविल्या नाहींत. छापील पदाच्या माथ्यावर 'चाल' असें लिहून मूळ गाण्याचे आरंभींचे शब्द दिलेले असत. ऋणकोनें सावकाराचें नांव आपण होऊन दारावर लावावें, तसाच हा प्रकार! पुढें १९१६ च्या 'स्वयंवरा'साठीं भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालांच्या बंदिशींवरून चाली दिल्या, आणि मैफलींतलें संगीत घरोघर पोंचलें. मग चक्र उलटें फिरलें. नाटकांतल्या व चित्रपटांतल्या चालींवर भजनी मंडळें अभंग म्हणूं लागलीं.

मला खटकतें तें साम्य नव्हे. मोजके स्वर, मोजके ताल आणि ऐकणाऱ्याला हवीहवीशी वाटणारी ओळख, एवढ्या भांडवलावर साम्य येणारच. खटकतें तें हें, कीं माथ्यावरची ती एक ओळ गळून पडली. चित्रपटाच्या नामावलींत कवि, गायक, संगीतदिग्दर्शक सारे येतात. 'चाल' हें सदर तेवढें नसतें.

घरीं 'सौभद्रा'ची जुनी प्रत असल्यास पदांवरच्या त्या बारीक ओळी वाचून पाहाव्या. त्यांतलीं कित्येक मूळ गाणीं आज कोणी गात नाहीं. त्यांची खूण तेवढी तेथें राहिली आहे.