काळ्या पात्याची बाजू

लोखंडी विळीवर दोन आरोप ठेवून तिला माळ्यावर टाकायची रीत आता बहुतेक घरांत रुळली आहे. एक, ती काळी पडते, म्हणजे अस्वच्छ. दुसरा, ती गंजते, आणि गंजलेलं लागलं की धनुर्वात होतो. तिच्या जागी आलेल्या स्टेनलेस सुरीबद्दलची समजूत बरोबर उलट: ती गंजत नाही, तेव्हा तिची निगा राखायला नको.

या पूर्वपक्षात खरं आहे तेवढं आधी मान्य करू. लोखंडी पात्यावर कैरी किंवा लिंबू चिरलं तर फोड काळवंडते आणि तिला लोखंडाची चव येते. आंबटाला स्टीलची सुरी घ्यावी, यात वाद नाही.

पण काळं ते मळकं, हे अनुमान चुकतं. केळफूल, कच्चं केळं यांत टॅनिन असतं. लोहाशी त्याचा संयोग झाला की निळंकाळं संयुग बनतं. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच रसायनावर होत असे. असा थर पात्यावर हळूहळू बसत जातो, काळ्या लोह-ऑक्साइडची त्याला जोड मिळते, आणि तो घट्ट बसून खालच्या पोलादाला बऱ्यापैकी जपतो. तांबडा गंज ही निराळी चीज. तो भुसभुशीत असतो, खपल्या धरतो, ओल धरून ठेवतो आणि आतलं लोखंड खात जातो. पांढऱ्या फडक्यानं पातं पुसून पाहा. तांबूस डाग उमटला तर गंज, तो काढलाच पाहिजे. फडकं स्वच्छ निघालं तर काळ्या थराला हात लावायचं कारण नाही. हौसेनं तारेच्या घासणीनं पातं लख्ख करणारे हेच कवच खरवडतात, आणि दुसऱ्या दिवशी पातं तांबडं झालं म्हणून बोल मात्र विळीला लावतात.

धनुर्वात गंजानं होत नाही. त्याच्या जंतूंचे बीजाणू माती-शेणात असतात. उकिरड्यातला खिळा गंजलेला असतो आणि मातीतही पडलेला असतो. दोष गंजाच्या माथी आला. लस घेतलेली असावीच, पण कापलं ते चकचकीत सुरीनं, म्हणून ती टाळता येत नाही.

आता स्टीलकडे वळू. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी झीज सोसणारं पोलाद शोधत होता. त्यातून सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद हाती आलं आणि पुढे सुऱ्यांना लागलं. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो, तो गंज अडवतो. मात्र ताट आणि सुरी यांचं स्टील एक नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. चांगल्या ताटात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते सहसा गंजत नाही, पण पाणी देऊन कडकही होत नाही, म्हणून त्याला धार टिकत नाही. सुरीत क्रोमियम कमी, कार्बन जास्त, आणि हा कार्बन क्रोमियमचा काही भाग स्वतःकडे बांधून घेतो. लोहचुंबक लावून पाहा: असल्या ताटाला तो चिकटत नाही, सुरीला चिकटतो. धार हवी तर गंजाची थोडी भीती पत्करावीच लागते. खारट पाण्यात रात्रभर पडलेल्या सुरीला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात. ते धारेवर आले की पातं तिथेच खचतं. काळ्या थराइतके ते निरुपद्रवी नाहीत.

गरम पाण्यानं धार जाते, हीसुद्धा अशीच एक समजूत. पोलादाचं पाणी उतरायला दीडशे अंशांच्या वरची आच लागते. उकळतं पाणी शंभरावर थांबतं. धार जाते ती ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरल्यानं, सिंकमध्ये भांड्यांवर आपटल्यानं. इथे विळी सरस ठरते. तिचं पातं उभं, भाजी त्याच्यावर येते, धारेखाली कठीण काही येतच नाही. धार लावणाऱ्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडता उडता पातं निळं पडलं तर मात्र त्याचं पाणी उतरलंच म्हणायचं; तेवढा भाग पुढे धार धरत नाही. त्याला मध्येमध्ये पाण्यात बुडवायला सांगावं. तो कुरकुरेल.

विळीला लागतं काय? चिरून झालं की लगेच धुणं, पुसणं, कोरड्या जागी ठेवणं. चार दिवस वापर नसेल तर खोबरेलाचं बोट फिरवावं. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकट होतं. गंज दिसला तर राख आणि काथ्या पुरतो. स्टीलच्या सुरीलाही धुणं-पुसणं एवढंच लागतं, वाचतं ते फक्त तेल. विळी मोडीत घालायला कारण एकच मान्य करावं: पाजळून पाजळून पातं इतकं झिजलं की धार धरायला पोलादच उरलं नाही.