व्हॅनिलाची शेंग आणि एदमों

फुलापासून फळ होतें हें आपण सर्व जाणतों. परंतु त्यांच्यामध्यें बहुधा कोणी मध्यस्थ लागतो, हें आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोकडची. तिच्या फुलांत पराग आणि स्त्रीकेसराचें अग्र यांच्यामध्यें एक पातळ पडदा असतो, आणि फूल टिकतें जेमतेम एक दिवस. हिंदी महासागरांतील रियुनियन बेटावर ही वेल नेली. ती वाढली, फुलली, पण शेंग धरीना. बेल्जियममध्यें मॉरेन या शास्त्रज्ञानें १८३६ सालीं हातानें परागसिंचन साधलें होतें. तथापि ती रीत मळ्यांत रुजली नाहीं. १८४१ सालीं एदमों नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें पडदा उचलून अंगठ्यानें पराग दाबून बसविला, आणि शेंग धरली! हीच रीत आजहि चालते. १८४८ सालीं गुलामगिरी संपली, तेव्हां त्यास आल्बियस हें आडनांव मिळालें. धन मात्र मळेवाल्यांनीं मिळविलें. रिशार या वनस्पतिशास्त्रज्ञानें शोधाचें श्रेयहि स्वतःकडे घेऊं पाहिलें. तेव्हां एदमोंच्या पूर्वीच्या धन्यानेंच त्याची बाजू लेखी मांडली. १८८० सालीं एदमों दारिद्र्यांत वारला. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासांत पंडितांच्या पंक्तीस या मुलाचें पान मांडणें आम्हांस न्याय्य वाटतें.