डार्क मॅटर म्हणजे काय? न दिसणाऱ्या पदार्थाचा माग खगोलशास्त्रज्ञ कसा काढतात

रात्री गच्चीवर जाऊन वर पाहिलं की तारे दिसतात. मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तर अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहती, म्हणजे दीर्घिका दिसतात. एवढा सगळा पसारा पाहून वाटतं, विश्व म्हणजे हेच. पण आजचा हिशेब वेगळं सांगतो. विश्वातल्या एकूण पदार्थाचे शंभर भाग केले, तर त्यातले सुमारे ८५ भाग कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाहीत. या न दिसणाऱ्या पदार्थाला डार्क मॅटर म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला ‘कृष्ण पदार्थ’ असंही नाव आहे.

यावर घरातलं कोणतंही शाळकरी मूल लगेच विचारेल, ‘दिसतच नाही, तर आहे हे कळलं कसं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. आपण इथे त्याचंच उत्तर पाहणार आहोत.

नाव थोडं फसवं आहे

‘डार्क’ म्हटलं की काळोख किंवा काळा धूर डोळ्यांसमोर येतो. पण काळी वस्तू प्रकाश अडवते, म्हणून ती निदान सावलीसारखी दिसते. डार्क मॅटर प्रकाश देत नाही, अडवत नाही आणि परतही फेकत नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो. म्हणून ‘काळा’पेक्षा ‘पारदर्शक’ हा शब्द त्याला जास्त शोभला असता.

कृष्णविवर म्हणजे ब्लॅक होल ही वेगळी गोष्ट आहे. डार्क एनर्जी म्हणजे कृष्ण ऊर्जा, तीही वेगळी. यूट्यूबवर या तिन्हींची सर्रास खिचडी केलेली असते, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

पाळणा आणि त्याच्या साखळ्या

उरुसात किंवा जत्रेत साखळ्यांचा गोल फिरणारा पाळणा आपण पाहिला आहे. तो जितका जोरात फिरतो, तितका साखळीवर ताण जास्त. साखळी कच्ची असेल तर बसलेला माणूस बाहेर फेकला जाईल. आकाशात साखळीचं काम गुरुत्वाकर्षण करतं आणि गुरुत्वाकर्षण वस्तुमानातून येतं. म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने फिरते हे कळलं, की तिला धरून ठेवणारं वस्तुमान किती, हे काढता येतं.

आपल्या सूर्यमालेत हे चोख जुळतं. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, पृथ्वी ३० आणि सगळ्यात दूरचा नेपच्यून फक्त साडेपाच किलोमीटरच्या आसपास. सूर्यापासून जितकं दूर, तितकी ओढ कमी आणि वेगही कमी.

पहिली गफलत, १९३३

मूळचे स्विस असलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी अमेरिकेत कॅलटेकमध्ये काम करत होते. ‘कोमा’ नावाच्या दीर्घिकांच्या मोठ्या समूहातल्या दीर्घिकांचे वेग त्यांनी तपासले. आज आपल्याला माहीत आहे, की हा समूह सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाश एका वर्षात जितकं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष.

त्या दीर्घिका इतक्या वेगाने पळत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने त्या एकत्र राहणं शक्यच नव्हतं. समूह केव्हाच पांगायला हवा होता. झ्विकींनी निष्कर्ष काढला, की तिथे न दिसणारं बरंच वस्तुमान आहे. त्यांचा नेमका आकडा पुढे दुरुस्त झाला, पण तूट मात्र कायम राहिली. तरीही पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

देवयानीतला छोटा ढग

इसवी सन ९६४ च्या सुमारास इस्फहानचे खगोलशास्त्रज्ञ अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ताऱ्यांवरच्या आपल्या अरबी ग्रंथात एका ‘छोट्या ढगा’ची नोंद केली. ती देवयानी दीर्घिकेची आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी नोंद मानली जाते. तो ढग म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली ताऱ्यांची प्रचंड वसाहत आहे, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

याच देवयानीकडे अमेरिकेच्या व्हेरा रुबिन यांनी आपलं यंत्र वळवलं. त्या काळी पालोमार वेधशाळेत महिलांना अधिकृतपणे निरीक्षणाची मुभा नव्हती. १९६५ मध्ये ती मिळवणाऱ्या रुबिन पहिल्या महिला ठरल्या. त्यांचे सहकारी केंट फोर्ड यांनी मंद प्रकाशही नीट टिपणारं वर्णपटाचं यंत्र तयार केलं होतं. वर्णपटावरून वेग कळतो, कारण आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा प्रकाश किंचित निळसर होतो आणि दूर जाणाऱ्या वस्तूचा किंचित लालसर.

१९७० मध्ये दोघांनी निकाल प्रसिद्ध केला. देवयानीच्या मधल्या भागात प्रकाश दाट आहे, कडेला विरळ. म्हणजे सूर्यमालेसारखा कडेचा वेग कमी व्हायला हवा होता. तसं झालंच नाही. बाहेरच्या भागातही वेग जवळजवळ तेवढाच राहिला. पुढे इतर कित्येक दीर्घिकांतही हेच आढळलं. पाळणा जोरात फिरतोय आणि दिसणाऱ्या साखळ्या पुरेशा नाहीत, असा हा प्रकार.

ताऱ्यांच्याही पलीकडे हायड्रोजन वायू पसरलेला असतो. तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या टिपूनही हाच वेग मोजता येतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्यावरून छोट्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनच्या वेगाचा असा अभ्यास झाला आहे.

प्रकाश वाकतो तेव्हा

दुसरी पद्धत वेगावर अवलंबूनच नाही. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाशाची वाट वाकते, हे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात तपासलं गेलं. दीर्घिकांचा मोठा समूह असाच भिंगासारखा वागतो. त्याच्या मागे असलेल्या दीर्घिका आपल्याला ताणलेल्या, कमानीसारख्या दिसतात. त्या किती ताणल्या, यावरून पुढच्या समूहाचं वजन काढता येतं.

२००६ मध्ये ‘बुलेट क्लस्टर’चा निकाल आला. इथे दोन समूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. समूहातला दिसणारा बहुतेक पदार्थ तापलेल्या वायूच्या रूपात असतो. टक्कर होताना तो वायू एकमेकांत अडकून मागे रेंगाळला, हे क्ष-किरणांच्या चित्रात दिसतं. पण भिंगाच्या पद्धतीने पाहिलं तर बरंचसं वजन वायूच्या पुढे निघून गेलेलं आढळलं. म्हणजे वायू एका जागी आणि वजन दुसऱ्या जागी.

तिसरा पुरावा विश्वाच्या बालपणातला आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश आजही सगळीकडून येतो. त्याच्या तापमानातले बारीक फरक प्लांक उपग्रहाने मोजले. त्यावरून हिशेब निघाला, की विश्वात साधा पदार्थ सुमारे ५ टक्के, डार्क मॅटर २७ टक्के आणि बाकीची ६८ टक्के डार्क एनर्जी.

मग तो आहे तरी कसला?

हे अजून कुणालाच ठाऊक नाही. बहुतेकांचा अंदाज असा, की तो अद्याप न सापडलेल्या कणांचा बनला असावा. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जवळपास दीड किलोमीटर खोल, द्रवरूप झेनॉनची १० टनांची टाकी ठेवली आहे. डार्क मॅटरचा कण झेनॉनवर आदळला तर बारीक चमक उठेल, अशी अपेक्षा आहे. अवकाशातून येणाऱ्या इतर कणांचा गोंगाट टाळण्यासाठी एवढं खोल जावं लागतं. झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीतही साडेपाचशे मीटर खोल अशी प्रयोगशाळा आहे. खात्रीचा कण मात्र अजून कुठेच हाती लागलेला नाही.

म्हणून काहीजण विचारतात, गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकत असेल तर? शंका हलकी नाही. युरेनसची चाल हिशेबाशी जुळेना, तेव्हा ल व्हेरिए यांनी न दिसणारा ग्रह सुचवला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची चाल जुळेना, तेव्हाही त्यांनी आणखी एक ग्रह सुचवला. तो कधीच सापडला नाही. तिथे नियमच अपुरा होता आणि १९१५ मध्ये आइनस्टाइन यांनी तो सुधारला. डार्क मॅटरच्या बाबतीतही १९८३ मध्ये मोर्देहाय मिलग्रोम यांनी नियम बदलण्याची कल्पना मांडली. दीर्घिकांच्या वेगासाठी ती चांगली चालते, पण दीर्घिकांचे समूह आणि बुलेट क्लस्टर यांच्यापाशी अडखळते. म्हणून बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल आजही डार्क मॅटरच्या बाजूने आहे.

मुलांना सांगताना म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. काहीतरी ओढतंय, याचे पुरावे भक्कम आहेत आणि ते वेगवेगळ्या वाटांनी आलेत. ते काय आहे, याचं उत्तर बाकी आहे.

नोव्हेंबरच्या चांदणं नसलेल्या रात्री, आठ-नऊच्या सुमारास, गावाकडे असाल तर डोक्यावर थोडं उत्तरेकडे पाहा. अस्-सूफींनी नोंदवलेला तो धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. जो दिसेल तो देवयानीचा छोटा भाग असेल. मोठा भाग तिथेच आहे, फक्त दिसणार नाही.