सुंदरबनच्या मेंढीचे जुळ्यांचे जनुक फलटणच्या कळपात

दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. जुळे हा अपवाद. तिच्या जाडसर लोकरीला फारसा भाव उरलेला नाही, त्यामुळे धनगर कुटुंबाची मिळकत मुख्यतः तीन-चार महिन्यांच्या कोकरांच्या विक्रीवर चालते. वेताला एक कोकरू की दोन, हा त्यांच्यासाठी थेट संसाराचा हिशेब आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नारी'ने, या प्रश्नाचे उत्तर एका जनुकात शोधले.

हे जनुक बंगालचे. सुंदरबनच्या दलदलीत चरणारी गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान. प्रौढ मादीचे वजन जेमतेम १० ते १५ किलो भरते. मात्र जुळी, क्वचित तिळी देणे तिच्या नेहमीच्या सवयीचे. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजांतून काही बंगाली मेंढ्या सिडनीला नेण्यात आल्या आणि त्यांचा वंश तेथील मेरिनो कळपांत मिसळला. पुढे न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळच्या 'बुरूला' या मेंढीपालन केंद्रातील मेरिनो मेंढ्या भरपूर कोकरांसाठी गाजल्या. ऑस्ट्रेलियाच्या 'सीएसआयआरओ' या संशोधन संस्थेने १९५८ पासून त्यांचा अभ्यास केला.

१९८० च्या सुमारास त्यातून निघालेल्या निष्कर्षाने पशुपैदासतज्ज्ञ चकित झाले. पिलांची संख्या अनेक जनुकांच्या किंचित-किंचित प्रभावातून ठरते, अशी समजूत होती. डुकरांच्या बाबतीत ती खरीही आहे. तेथे या गुणाची आनुवंशिकता अवघी दहा टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणून निवड पिढ्यान्‌पिढ्या चालवावी लागते. बुरूला मेंढीत मात्र एकच प्रभावी जनुक हे काम करीत होते. त्याला 'फेक-बी' हे नाव मिळाले. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी नेमका बदल शोधला: मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात केवळ एका अक्षराचा फेरफार. त्यामुळे बीजांडकोशातील एका ग्राहक प्रथिनाचे कार्य मंदावते, बीजपुटके लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजाला एकाहून अधिक स्त्रीबीजे सुटतात. हाच फेरफार गरोळ मेंढीतही असल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले आणि बुरूलाच्या मेंढ्यांचे मूळ बंगालमध्येच असावे, या तर्काला बळकटी मिळाली.

'नारी'चे संस्थापक बनबिहारी निंबकर आणि त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी गरोळ मेंढ्या १९९० च्या दशकात फलटणला आणल्या होत्या. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या अर्थसाहाय्याने आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने या कामाला वेग आला. केवळ संकर करून भागणार नव्हते, कारण गरोळचा खुजेपणाही संततीत उतरतो. म्हणून संकरित जनावरांचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी मेळ घालून शरीर दख्खनीचे आणि जनुक तेवढे गरोळचे, असा वंश घडविण्यात आला. तोच 'नारी सुवर्णा'.

येथे डीएनए चाचणीला पर्याय नाही. मेंढा स्वतः विणार नाही. त्याच्याकडे जनुक आहे की नाही, हे पाहून ओळखता येत नाही. रक्ताच्या थेंबावरून मात्र त्याच्याकडे जनुकाची एक प्रत आहे, दोन आहेत की एकही नाही, हे कळते. दोन प्रती असलेला मेंढा साध्या दख्खनी कळपात सोडला, तर त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत हमखास मिळते.

एक प्रत पुरेशीही असते. तिच्यामुळे दर वेताला सरासरी सुमारे अर्ध्या कोकराची भर पडते, म्हणजे साधारणतः दोन वेतांमागे एक कोकरू जास्त. हा आकडा किरकोळ वाटेल; पण मेंढी तीच असते आणि कळपाची संख्याही तीच राहते. दोन प्रतींच्या मेंढीत तिळ्यांचे प्रमाण वाढते आणि तेथे गणित बिघडू शकते. कोकरे जन्मतः हलकी, आईचे दूध तेवढेच. त्यातच अनेक धनगरी वाडे पावसाळ्यानंतर चाऱ्यासाठी मुलूख पालथा घालतात. वाटेत जन्मलेले कोकरू घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात ठेवून न्यावे लागते. तीन कोकरांना पाजत चालणे मेंढीला झेपत नाही. जुळ्यांच्या आईलाही गाभण काळाच्या अखेरीस व व्याल्यानंतर मक्याचा भरडा, पेंड असा जादा खुराक लागतो. तो देण्याची ऐपत नसलेल्या मेंढपाळाने केवळ जुळ्यांच्या आशेने मेंढा बदलणे शहाणपणाचे नाही. ज्याच्याकडे ती सोय आहे, त्याने मेंढा घेताना चाचणीचा अहवाल मागून घ्यावा. एका प्रतीच्या मेंढ्याची निम्मीच संतती हे जनुक घेऊन जन्मते.